स्वखुशीचा अर्ज

गेल्या वर्षी, परीक्षेचे तीन पेपर बाकी असताना, सोमवारी सकाळी अकरा वाजता अन्याय झाला तो माझ्या रूममेटवर. त्याच्या बाकाखाली कॉपीची चिठ्ठी सापडली होती. अक्षर त्याचं नव्हतं, पण कुणी ताडून पाहिलं नाही.

वर्ध्याहून त्याचे वडील आले. मी सोबत गेलो. प्राचार्य त्यांना म्हणाले, "मुलाला आम्ही काढलं तर दाखल्यावर शेरा येईल. त्यापेक्षा आपण स्वखुशीने नेताय, असा अर्ज द्या."

"मले तसं लिहिता नाही येत जी."

कॉलेजात मागण्यांची पत्रकं मी काढायचो. प्राचार्यांनी माझ्याकडे वळून कोरा कागद सरकवला. "अहो पत्रकवाले, एरवी भिंती रंगवता ना? लिहा."

मी लिहिलं. तेव्हा काही वाटलं नाही, आताही फारसं वाटत नाही. ग्रंथालय उशिरापर्यंत उघडं ठेवा, हा माझा अर्ज दोन वर्षं पडून होता. हा पाच मिनिटांत मंजूर झाला. मित्र सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीवरून गादी गुंडाळून गेला. कॉलेज आजही सांगतं, आम्ही कधीच कुणाला काढलेलं नाही.

तुमच्यापुढे असा कोरा कागद सरकवला, तर लिहू नका. आधी त्यांच्याकडून काढण्याचं कारण लेखी मागा.