जाळ्यानं बांधलेला मांडव

"खबरदार, दोरीले हात लावाल त!" महादेवभाऊंनी माझं मनगट धरलं. "लगनाआधी मांडव उतरवते काय कोणी?"

मी पश्चिमेकडं बोट दाखवलं. आभाळ काळंकुट्ट झालं होतं आणि तलावावरचा वारा एकदम बंद पडला होता. "भाऊ, मी नाई उतरवला त वावधन उतरवते. तुम्हाले कोनचं पाह्यजे?"

सिंदेवाहीत माझं बिछायत केंद्र होतं. म्हणजे लग्नाला लागणारा कापडी मांडव, सतरंज्या, खुर्च्या, भाताचे मोठे गंज, सगळं भाड्यानं द्यायचं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. आमच्याकडं लग्न म्हणजे मे महिना. तलाव आटलेला असतो, मासोळी संपलेली असते, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायला अवकाश असतो. माणसं मोकळी असतात. आणि नेमकं तेव्हाच वावधन येतं, म्हणजे वादळ. दुपारपर्यंत ऊन भाजून काढतं आणि संध्याकाळी टिनं उडतात. देवाला टाइमटेबल कोणी विचारायचं?

महादेवभाऊ तलावात मासे धरायचे, थोडं धान लावायचे. त्यांच्या मोठ्या मुलीच्या, सुमनच्या लग्नात दुसऱ्या एका बिछायतवाल्याचा मांडव वादळात कोसळला होता. कोणाला खरचटलंही नाही. पण पुढं सासरी म्हैस मेली तरी सासू म्हणायची, "मांडव पाडून आलेली." सुमनला कोणी हळदीला बोलवेना. आता धाकट्या मायाचं लग्न होतं. हाही मांडव पडला असता तर या घरच्या पोरी अपशकुनी, असा शिक्काच बसला असता. ऑर्डर देतानाच भाऊंनी डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, "मांडव हालला नाई पाह्यजे."

मी म्हणालो, "हालला पाह्यजे." कापड वाऱ्यात फुगतं. म्हणून आम्ही ते सुरगाठीनं बांधतो. टोक ओढलं की गाठ सुटते, कापड खाली येतं, बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, जागेवर राहतात. कापड सुटलं नाही तर वारा ते बल्ल्यांसकट उपटतो आणि माणसांच्या डोक्यात घालतो. एवढंच आमचं शास्त्र.

पण भाऊंचा माझ्या गाठींवर काडीचा भरवसा नव्हता. आदल्या दिवशी मी जेवायला गेलो, तेवढ्यात त्यांच्या भावकीनं घरोघरची जुनी जाळी आणली, अख्ख्या कापडावर पसरली आणि बल्ल्यांना करकचून आवळली. कडांना शिशाचे मणी लोंबत होते. मी कपाळावर हात मारला. अरे, मासोळी धरायची होती की मांडव? भांडलो, ओरडलो. पण घरधनीच अडून बसला, तर काय करता!

आणि आता भाऊंचा हात झटकून मी गाठ ओढली, तरी जाळ्यामुळं कापड हलत नव्हतं. खाली बाया पत्रावळी पुसत होत्या, लेकरं खेळत होती.

"भाऊ, जाळी कापा."

"नाई."

"काऊन नाई?"

"लोक म्हणतीन, याच्या घरी दुसऱ्यांदा मांडव पडला."

मला राग आला आणि कीवही आली. पार भ्यायला होता माणूस. मी त्यांना दंडाला धरून घराच्या दारात नेलं. तिथं विधीचा हिरवा मांडव होता. मधोमध मेढ, म्हणजे पूजेचा खांब, आणि वर जांभळीच्या डहाळ्या.

"मांडव कोनता? हा! हळद याच्या मेढीले लागली ना? याले मी हात लावला काय? माह्यं त नुसतं सावलीचं कापड आहे."

भाऊंनी मेढीवरून हात फिरवला. मग आत जाऊन विळा घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं जाळी कापत सुटले. "बाया हो, बाहेर निघा!" मी ओरडलो. कापड खाली आलं, आम्ही ते कसंबसं गुंडाळलं आणि वावधन येऊन थडकलं. शेजारच्या गोठ्याची टिनं उडाली. बल्ल्या करकरल्या, पण उभ्या राहिल्या. हिरव्या मांडवाच्या फटींतून वारा निघून गेला, थोडी पानं गळाली तेवढीच.

नवरदेवाची वरात ओलीचिंब होऊन आली. उघड्या बल्ल्या बघून कोणीतरी कुजबुजलंच, "मांडव पडला वाटते."

"पडला नाई," भाऊ मोठ्यानं म्हणाले. "कापड मी उतरवलं. मांडव थो पहा!"

लग्न त्याच हिरव्या मांडवात लागलं. माणसं दाटीवाटीनं उभी होती आणि अक्षता ओल्या बोटांना चिकटून बसत होत्या.

पंगत ओसरीवर बसली. दिवसभर चुलीपासून न हललेली सुमन भात वाढायला आली. सासूच्या पानापाशी ती थांबली.

"आत्याबाई, माह्या लगनात बी कापडच पडलं होतं. हिरवा मांडव उभाच होता. तुम्ही सोता त्याच्याच खाली उभ्या होत्या, पाऊस लागू नाई म्हणून."

भाऊंनी गमछा तोंडावर धरला. म्हातारी जराशी सरकली आणि म्हणाली, "बस मंग जेवाले. किती वाढशीन?"

तेव्हापासून मे महिन्यातली ऑर्डर घेताना मी आधी घरच्या मंडळींना बसवून सांगायचो: हिरवा मांडव तुमचा, कापड माझं. पडलं तर बोल मला लावा, पोरीला नाही.