न मोजलेले चेंडू

"स्पेअर टायरला कुणी विचारतं का, दुखतंय का म्हणून?"

कोच सगळ्यांसमोर म्हणाला. रविवारची सकाळ होती. कोपर दुखतंय, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. बाकीचे पाच पिचर हसले. मीसुद्धा हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

मी बेसबॉलमधला रिलीफ पिचर. पहिला पिचर दमला किंवा मार खायला लागला की त्याच्या जागी चेंडू टाकायला जाणारा. मोठ्या लीगमध्ये नाही, खालच्या. नऊ वर्षं झाली. मॅच चालू असताना आम्ही मैदानाच्या कडेला जाळीमागे बसतो. तिथे कोचजवळ एक फोन असतो, पलीकडून टीमचा मॅनेजर बोलतो. तो वाजला की उठायचं, हात गरम करायचा, पूर्ण जोर लावून वीस-तीस चेंडू टाकायचे. मग परत फोन. "बस खाली." बसायचं. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मॅचमध्ये उतरलोच नाही, म्हणजे कागदावर त्या दिवशी माझी सुट्टी. कोपराला हे कोण समजावणार?

आमच्यात एक पोरगा नामांकित कॉलेजातून मोठा करार करून आलेला. त्याचे सरावातले चेंडूसुद्धा मोजायचे. त्याचं कोपर दुखलं की एमआरआय, माझं दुखलं की बर्फाची पिशवी. तो डगमगला तर कुणीतरी तयार हवा, म्हणून मला उठवायचे. पोरगा वाईट नव्हता. त्याला कधी काही मागावंच लागलं नव्हतं, एवढंच.

बाबांना फोनवर सांगायचो. ते इथेच अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायला मोटारीच्या कंपनीत इंजिनिअर. नागपूरला हॉस्टेलमध्ये आडनाव कळल्यावर त्यांच्या रूममेटने खोली बदलली होती. बाबा काही बोलले नाहीत. डिग्री घेतली आणि देश सोडून निघाले. मलाही त्यांचं एकच सांगणं, "गप राहून काम कर बेटा. आपल्याला दुसरा चान्स देत नाही कोणी." तोंड दाबून बुक्क्यांचा मार. तो खायला मी घरातच शिकलो.

त्याच दुपारी मॅच होती. सलग चौथा दिवस. मला दोनदा उठवलं, दोनदा बसवलं. करंगळी बधिर झाली. तिसऱ्यांदा फोन वाजला. कोचने तो उचलला आणि माझ्याकडे बोट केलं.

मी उठलो नाही.

"नाही टाकणार. कोपर दुखतंय. सकाळीच सांगितलं होतं."

"उठ, नाहीतर बॅग भर."

"भरतो. पण मी दुखतंय म्हणालो, हे लिहा. आज टाकलेले पंचावन्न चेंडूही लिहा."

या वेळी कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला काढलं. बाबांना कळवलं.

"सगळ्यांसमोर म्हणालास?"

"हो."

मग बाबा म्हणाले, "मला नाही जमलं रे."

समाधान वगैरे काही नाही. थकलोय मी. करंगळी अजून बधिर आहे. बत्तिसाव्या वर्षी कुठली टीम घेईल, माहीत नाही. घेतलीच तर पहिल्या दिवशी सांगणार आहे, जाळीमागचा प्रत्येक चेंडू मोजायचा. माझाच नाही, तिथे बसलेल्या प्रत्येकाचा. जमत नाही म्हणाले, तर दारातूनच परत फिरेन. दुखणं लपवून मिळणारी जागा मला नको.