वडशात ‘मी’ म्हणायला शिकले

गोंडी-मराठी दुभाष्यांचं शिबिर वडशाला आहे आणि शिकवणार आहेत पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टी नाटकातल्या एक जुन्या नटी, हे कळल्यावर मी जवळजवळ नकारच कळवणार होते. माझी पहिली शाळा घरचीच. आईकडून गोंडी आली आणि बाबांकडून शिस्त: दुसऱ्याचं बोलणं सांगताना ‘असं ते म्हणाले’ जोडायचंच. पण दवाखान्यातलं दुभाष्याचं काम हवं होतं, म्हणून नागभीडहून सकाळची गाडी धरली.

रुळांच्या दोन्ही बाजूंना धानाची कापणी चाललेली. वडसा स्टेशनबाहेर तर्रीपोहा जरूर खा. तिखट सोसत नसेल तर तर्रीचा रस्सा वेगळा मागा.

आमच्या शिक्षिका रजनीबाई. झाडीपट्टीत तालमी थोड्या. प्रॉम्प्टर आडून वाक्य देतो आणि नट ते त्याच क्षणी स्वतःचं करून बोलतो. आम्हालाही तेच करायचं होतं. जोडीदारीण कानाशी गोंडीत बोलली आणि मी सुरू केलं, “ती म्हणते, पोटात दुखतं...”

रजनीबाईंनी मला थांबवलं. “अवो बाई, तू बातम्या वाचून राह्यली का? पोट दुखते, तं ‘माझं’ म्हण!”

“पण ते खोटं होईल ना?”

“तिचं दुखणं थंडं करून सांगशीन, ते खरं होईल का? अन् डोळे सांभाळ. तू जिथी पायशीन, लोक तिथीच पायतेत.”

शेवटच्या दिवशी एसटीनं कुरखेड्याजवळच्या एका दवाखान्यात गेलो. इथं जमलं तरच नेमणूक. माझ्या वाट्याला कागदावर ‘कंबरदुखी’ लिहिलेली एक बाई आली. डॉक्टर कागद चाळत होते. ती गोंडीत कडाडली. सवयीनं मी तिचा राग गाळणारच होते, पण मग तिच्याच आवाजाच्या पट्टीत म्हटलं, “मी तिसऱ्यांदा आले. तुम्ही कागदच पाहता. माझा पाय सुजलाय, तो पाहा.”

डॉक्टरांनी चमकून माझ्याकडे पाहिलं. “असं बोलतात का?”

मी नजर त्या बाईकडे वळवली. त्यांचीही वळली. मग ते खुर्चीतून उठले आणि तिच्या पायाशी उकिडवे बसले.

काम मिळालं. घरी सगळं सांगितल्यावर बाबांनी विचारलं, “डॉक्टरले असं बोलली तू?”

“ते त्या बाईंचं बोलणं होतं, बाबा.”

तरी मनात शंका उरतेच: त्या रागात माझा किती मिसळला? दवाखान्याच्या फाटकाशी मी तिलाच विचारलं होतं, “मी जास्त चिडले का?”

चप्पल हातात घेऊन लंगडत जाताना ती गोंडीत म्हणाली, “थोडी कमीच.”