कुंकू लावलेली काडतुसं

निवडणूक लागली की शेतराखणीच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. रानडुकरांसाठी ठेवलेली माझी बंदूक घेऊन मी डिचोलीला गेलो, तेव्हा बाकावर शेजारी लाटंबार्सेची एक म्हातारी बसली होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मांडीवर बत्तीस बोरचं पिस्तूल होतं आणि काचेची बांगडी पुसावी तसं ती एकेक काडतूस पदराने पुसत होती.

"घोवाचां," ती म्हणाली. "खाणीचो पगार जीपीतून हाडताना कमराक लावी. तो गेलो, मगे लायसन मी माझ्या नावार केलां."

नवऱ्याने सांगितलेली काडतुसाची कुळकथाही तिला तोंडपाठ होती. "ह्यां बेल्जियमात जल्माक इलां. शंभरार वर्सां झाली. पिस्तुलां कितकी बदलली, ह्येचां माप तांच!" घरातल्या कर्त्या माणसाबद्दल बोलावं, तसा तिचा आवाज होता. मला बाई फार आवडली.

तिची पाळी आली. काडतुसं हातात घेताच हवालदाराच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रत्येकाच्या बुडाला दसऱ्याच्या पूजेचं कुंकू होतं. तेवढं मात्र तिने पुसलं नव्हतं.

"आजी, ओल्या कुंकवान दारू सर्दतली. वेळार एकय फुटाचां नाय."

"घोवाच्या हातानय कधी एक फुटूक नाय," ती शांतपणे म्हणाली. "फुटा नये म्हणानच कुंकू लावतंय मी."