बेस गिटार मी घेतली

जुनी इलेक्ट्रिक बेस गिटार घ्यायला मी गेले होते. नवरा फक्त गाडी चालवायला आला होता. विकणारे गृहस्थ मात्र सगळं त्यालाच समजावत होते.

"हे बघा साहेब, ही दोन बटणं दोन पिकअपच्या, म्हणजे तारांचा आवाज टिपणाऱ्या या दोन पट्ट्यांच्या, आवाजाची, तिसरं टोनचं."

"दोन्ही पूर्ण उघडली तर आवाज पोकळ होतो का?" मी विचारलं.

त्यांनी उत्तर दिलं, तेही त्याच्याकडेच बघून. मी कॉलेजपासून बेस वाजवते. नवऱ्याला बेसला तारा किती हेही ठाऊक नाही, तरी तो गंभीरपणे मान डोलावत होता.

गाण्यात बेस वाजतोय हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो थांबला की मात्र गाण्याखालची जमीनच सरकते. दुकानांत, बँकांत, दवाखान्यांत किती बायका अशाच लक्षात न येता बोलत असतील!

परतताना मी संतापून विचारलं, "मान कशाला डोलावत होतास?"

"अगं, त्यांना वाईट वाटलं असतं."

मला काय वाटेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. घरी येताच मी गिटार ॲम्प्लिफायरला जोडली. एक बटण जरासं मागे फिरवताच आवाज भरून आला.

"जरा हळू वाजव ना," तो आतून म्हणाला.

मी ॲम्प्लिफायरचा आवाज आणखी वाढवला.