सिस्टरांचा संशय

सिस्टर कुठल्याही झाडाचं कौतुक करण्याआधी त्याच्या कुंडीत बोट खुपसायच्या. झाड कुणाचं आहे, मालक शेजारी उभा आहे की नाही, काही बघायच्या नाहीत. तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत मातीत जायची, क्षणभर थांबायची आणि बाहेर आली की त्या ती नाकाशी न्यायच्या. तोवर झाडाचा मालक आपली काहीतरी चोरी पकडली गेल्यासारखा उभा असायचा. मग सिस्टर म्हणायच्या, "बरं आहे," किंवा काहीच म्हणायच्या नाहीत. काहीच न म्हणणं जास्त वाईट.

त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण आम्ही सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचो. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांची सगळी नोकरी ऑपरेशन थिएटरमध्ये गेली होती. रिटायर झाल्यावर त्या दादरच्या आमच्या बोन्साय वर्गात आल्या. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये हा वर्ग भरायचा. मी आणि माझे बाबा आधीपासून तिथे जात होतो.

वर्ग सुटताना सिस्टर हत्यारं मोजायच्या. कात्र्या, तारेचे चिमटे, मुळं मोकळी करायचे आकडे, सगळं टेबलावर ओळीने मांडून. कुणी सांगितलं नव्हतं. "पोट शिवायच्या आधी गॉजचे तुकडे मोजायचे असतात," त्या म्हणायच्या. "डॉक्टर म्हणतो सगळे बाहेर आहेत. म्हणू दे. आपण मोजायचे." एकदा एक कात्री कमी भरली. सिस्टरांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांना दारातच थांबवलं आणि सगळ्यांसमोर पिशवी उघडायला लावली. पिशवीत पेपर आणि चष्म्याचं घर निघालं. कात्री सिस्टरांच्याच ॲप्रनच्या खिशात होती. पुढच्या रविवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी त्या उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "मागच्या वेळी यांच्यावर संशय घेतला, तो चुकीचा होता. सगळ्यांसमोर घेतला म्हणून सगळ्यांसमोर सांगते." एवढं बोलून त्या बसल्या. वर्ग संपल्यावर हत्यारं नेहमीसारखीच मोजली.

मला त्या आवडायच्या नाहीत, हे कबूल करते. बाबांचं मात्र त्यांच्याशी जमायचं. बाबा लालबागच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते. गिरणी गेली, मग बारा ठिकाणी वॉचमनची नोकरी झाली, आणि म्हातारपणी मी त्यांना ओढून या वर्गात आणलं. दोघं चहाच्या सुट्टीत शेजारी बसायचे. सिस्टर डिलाइल रोडच्या चाळीत वाढलेल्या. बाबांची गिरणी त्यांना भोंग्याच्या आवाजावरून ठाऊक होती. सिस्टरांकडे एक पिंपळ होता. लोकांना वाटायचं, घरात बुद्धाची मूर्ती आहे म्हणून पिंपळ. त्या म्हणायच्या, "तसं काही नाही. चाळीच्या मोरीच्या भिंतीत उगवला होता. फुकट मिळाला." बाबांना हे फार आवडायचं. घरी येऊन ते मला म्हणायचे, "ही बाई खरा बोलता गो. असा माणूस आता गावत नाय."

बाबांचा आणि माझा एक वड होता. रोप मी आणलं होतं, पण त्याला वळण दिलं ते बाबांनी. तार बांधायचं काम गिरणीच्या हाताला सोपं होतं. फक्त एकदा ती काढायला उशीर झाला आणि खोडाच्या उजव्या अंगाला तिचा व्रण राहिला. शेवटच्या वर्षी बाबा फारसे खाली उतरत नव्हते. खुर्ची खिडकीशी ओढून त्या वडाशी बसून असायचे. एप्रिलच्या शेवटी ते गेले. दिवसकार्य गावी करायचं ठरलं, आम्ही सगळे कोकणात गेलो आणि दोन आठवड्यांनी परत आलो. खिडकीच्या ग्रिलमध्ये वड उभा होता, पण एकही पान नव्हतं. शेजारी किल्ली देऊन जायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. पाऊस पडला की फुटेल, असं स्वतःला समजावत राहिले. पाऊस आला आणि गेला. तेवढ्यात वर्गाच्या सेक्रेटरींचा फोन आला. दर जानेवारीत शिवाजी पार्कजवळच्या हॉलमध्ये आमचा तीन दिवसांचा बोन्साय महोत्सव भरतो. पुण्या-नाशकाकडचे लोक झाडं घेऊन येतात, कार्यशाळा असतात, प्रात्यक्षिकं असतात. सेक्रेटरी म्हणाले, "या वेळी बाबांचा वड मांडायचाच. स्वतः वाढवलेल्या झाडांच्या विभागात नाव लिहून टाकलंय मी." मी हो म्हणाले. नंतरच्या शनिवारी एका नर्सरीत जाऊन साधारण तसाच दिसणारा वड विकत आणला, बाबांच्या कुंडीसारख्या कुंडीत बसवला आणि वरून शेवाळ लावलं. जानेवारीत त्यापुढे कार्ड ठेवलं: 'वड. जोपासना: वडील आणि मुलगी.'

महोत्सवाच्या पहिल्या दिवशी नाशिकचे एक पाहुणे प्रात्यक्षिक देत होते. फिरत्या टेबलावर एक जुनिपर होता, त्याचं अर्धं खोड वाळून पांढरं पडलेलं. पाहुणे म्हणाले, "हे साठ वर्षांचं झाड आहे." पहिल्या रांगेतून सिस्टरांचा आवाज आला, "साठ वर्षांचं काय? खोड की झाड?" पाहुणे हसले आणि त्यांनी झाड फिरवून पाठ दाखवली. वाळक्या जुन्या खोडाला खाच पाडून त्यात कोवळं रोप बसवलं होतं, स्क्रूने. "ही पद्धतच आहे, मॅडम," ते म्हणाले. "असू दे," सिस्टर म्हणाल्या, "पण मग साठ म्हणू नका." लोक हसले. मी तिसऱ्या रांगेत होते. मला हसू आलं नाही.

त्या दुपारपासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवू लागले. त्या वडाच्या विभागातून दोनदा गेल्या. दुसऱ्यांदा चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावला. संध्याकाळी त्या सेक्रेटरींना बाजूला घेऊन काहीतरी सांगत होत्या आणि सेक्रेटरी माझ्या टेबलाकडे बघत होते. रात्रभर मी काय उत्तरं द्यायची ते जुळवत होते. माती बदलली. व्रण भरून आला. बाबांनीच शेवटी फांदी कापली होती. नंतर कळलं की एसीचा झोत त्या टेबलावर येतो, झाडं सुकतील, एवढंच त्या सेक्रेटरींना सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यशाळेसाठी सगळे वर गेले. खालच्या हॉलमध्ये गर्दी विरळ झाली. मी वळले तर सिस्टर माझ्या वडासमोर उभ्या होत्या. बोट शेवाळाखाली गेलं होतं.

"नारळाचा भुसा आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या वर्गात विटांचा चुरा घालतात. तुझे बाबा स्वतः वीट फोडायचे, मला सांगायचे किती बारीक करायची ते."

"माती बदलली," मी म्हटलं.

"आणि उजवीकडचा व्रण?"

मी कार्डाकडे बघत राहिले. सेक्रेटरींना सांगतील, सगळ्यांसमोर सांगतील, बाबांचं नाव त्यात येईल, एवढंच डोक्यात होतं. सिस्टरांनीही ते कार्ड वाचलं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "पहिलं झाड कुठंय?"

"घरी."

"चल, बघू."

आम्ही टॅक्सी केली. लालबागला आमच्या खोलीत आल्यावर आईला नमस्कार केला, पाणी नको म्हणाल्या आणि सरळ खिडकीशी गेल्या. वड मी काढला नव्हता. आई रोज दिवा लावताना त्याच्याकडे बघायची, पण मला काही विचारायची नाही. सिस्टरांनी नखाने खोड खरवडलं. खाली, वर, मग एकेका फांदीवर. सालीखाली कुठेच हिरवं नव्हतं.

"गेलंय गं," त्या म्हणाल्या. "कधीच गेलंय."

हॉस्पिटलात हे वाक्य त्या किती जणांना म्हणाल्या असतील, कोण जाणे. बाबा गेले तेव्हा सगळी धावपळ माझ्या अंगावर होती. डॉक्टरचा दाखला, गाडी, गावाला फोन. मी रडले नव्हते. त्या दिवशी खिडकीशी उभी राहून रडले. सिस्टरांनी मला थोपटलं वगैरे नाही. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा त्या जरा बाजूला सरकल्या, एवढंच. थोड्या वेळाने मी म्हटलं, "माझ्यामुळे मेलं. दोन आठवडे पाणी नव्हतं. बाबांची एवढी एक गोष्ट होती माझ्याकडे."

"असं तू म्हणतेस," सिस्टर म्हणाल्या. "वर्तमानपत्र आहे का?"

पेपर जमिनीवर पसरून त्यांनी कुंडी उपडी केली. विटांचा चुरा झटकला आणि मुळं बोटांनी वेगळी करत बसल्या. एक मूळ चिमटीत धरून ओढलं, तर त्याची साल मोज्यासारखी निघून आली. आतला भाग काळा होता. त्यांनी तो मला दाखवला, आईलाही दाखवला.

"हे तहानेनं मेलेलं झाड नाही. पाणी जास्त झालंय. मुळं कुजलीत, आणि ती दोन आठवड्यांत कुजत नाहीत. तुम्ही गावाला गेलात तेव्हाच हे जाणारं होतं." मग आईकडे वळून विचारलं, "ताई, शेवटी ते पाणी घातलेलं विसरायचे का?"

आई म्हणाली, "दिवसातून चार-पाच येळा घालत. मी म्हणायची, आत्ताच घातलात. ते म्हणत, घातलंय काय गो? आणि परत घालत."

सिस्टरांनी मान हलवली. मुळं पेपरात गुंडाळली आणि कुंडी नळाखाली धुऊन पालथी घातली. जाताना दारात चपला घालत म्हणाल्या, "उद्या सकाळी दहाला परीक्षक येणार. त्याच्या आधी सेक्रेटरींना तू सांगायचंस. मी सांगणार नाही."

सकाळी मी सांगितलं. सेक्रेटरींना वाईट वाटलं, थोडा रागही आला. त्यांनी वड स्पर्धेतून काढून नुसत्या पाहण्याच्या झाडांत ठेवला आणि मी कार्ड बदललं. काही जणांनी नंतर माझ्याशी बोलणं कमी केलं. सिस्टरांनी मात्र पुढच्या रविवारी मला शेजारी बसवलं. बाबांची जागा होती ती. तिथे बसून मी त्यांच्याकडून सगळं नव्याने शिकले. माझं काहीही त्यांनी कधी तपासल्याशिवाय मान्य केलं नाही. "पाणी घातलं?" "घातलं." तरी बोट मातीत.

तीन वर्षांनी त्यांची चाळ पाडायला घेतली आणि त्या नागपूरला भाचीकडे राहायला गेल्या. झाडं वर्गात वाटली. पिंपळ सेक्रेटरींना दिला, बाकीची ज्याला त्याला. मला एकही नाही. मला लागलं ते, आणि मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "तू कुणाचं तरी झाड सांभाळत बसतेस. आता तुझं लाव." निरोपाच्या दिवशी त्यांनी माझी पिशवी स्वतः उचलून बघितली, किती जड आहे म्हणून, आणि परत दिली.

गेल्या वर्षी मुळांवरच्या एका कार्यशाळेला मी बसले होते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, झाड मरून पुष्कळ महिने उलटले की ते तहानेनं गेलं की कुजून, हे मुळांवरून खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही काळी पडतात, दोन्हींची साल सुटते. मी वहीत लिहायची थांबले. आमचा वड तेव्हा आठ-नऊ महिने मेलेला होता आणि त्यात पूर्ण पावसाळा गेला होता. सिस्टरांना हे माहीत नसणं शक्य नव्हतं.

त्या संध्याकाळी मी नागपूरला फोन केला. त्यांचा आवाज बारीक झाला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, "सिस्टर, त्या दिवशी आमच्या घरी मुळं बघून जे सांगितलंत, ते नक्की तसंच होतं ना?"

मग त्यांनी विचारलं, "आई कशी आहे?"

"बरी आहे."

"झोप लागते तिला?"

"लागते."

"आणि तुला?"

"मलाही लागते."

"बरं आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि भाची जेवायला बोलावतेय म्हणून फोन ठेवला.

दिवाळीनंतर त्या गेल्या. भाचीने मेसेज पाठवला तेव्हा मी ऑफिसात होते. आता वर्ग सुटताना हत्यारं मी मोजते, आणि नवीन मुली कुंडीत काय सांगून काय घालतात तेही बघते. कुणाचंही बोलणं मी सहज खरं धरून चालत नाही. वडाच्या मुळांबद्दल मात्र त्यानंतर मी कुणाला विचारलेलं नाही. तो एक संशय मी फेडून घेणार नाही.