तुडीलच्या मावशीचा बंद कॉम्प्युटर

आधीच सांगून टाकते — या सदरातले अनुभव मी वाचते ते चहाबरोबर, करमणूक म्हणून. भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काही मला कधी पटलं नाही. माझ्या सासूबाईंना पटतं, आणि त्यावरून आमचे खटकेही उडतात. मी मूळची पोलादपूरची, लग्न होऊन महाडला आले, आणि चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटरचा क्लास चालवते. मशीन बिघडलं की त्याला कारण असतंच, ते सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नाही, हे मी पोरांकडून अक्षरशः घोकून घेते. त्यामुळे हे लिहिताना माझाच मला राग येतोय. अर्थात राग फक्त तेवढ्यासाठी नाही... पुढे कळेलच.

तर माझी सख्खी मावशी तुडीलला असते. एकटीच. काका जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता एक मुलगा म्हणजे संतोषदादा, तो विरारला. मावशीला ऐकू येत नाही. अगदी कानाशी जाऊन ओरडलं तरी "आं?" करते. कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण त्यात तिला नुसती घरघर यायची, म्हणून तिने ते काढून डब्यात टाकलं. मात्र समोरच्याचे ओठ बघून तिला सगळं कळतं. सगळं! आपण तिच्याबद्दल हळूच काही पुटपुटलो की लगेच, "बघतेय हां मी, सुषमे!"

मोबाईलच्या एवढ्याशा स्क्रीनवर तिला ओठ दिसत नाहीत. म्हणून दादाने मोठ्या मॉनिटरचा एक जुना कॉम्प्युटर आणून माजघरात बसवला, कॅमेरा लावला, नेटसाठी डोंगल लावला. दर रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मावशीला त्याने दोनच गोष्टी शिकवल्या होत्या — चालू कसा करायचा आणि कॉल आला की हिरवं बटण कुठे दाबायचं. रविवारी ती लवकर आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून खुर्ची टाकून बसायची. आठवड्यात तेवढाच वेळ कुणीतरी तिच्याशी सावकाश, तोंड समोर धरून बोलायचं. बाकी गाव तिच्याशी हातवारे करूनच भागवतं. हे मला चांगलं माहीत होतं हो. माहीत असून मी जे केलं ते केलं.

शिमग्याच्या थोडं आधी तिच्या शेजारच्या रंजनावहिनींचा फोन आला. कॉम्प्युटर चालू होतो पण नुसता काळा दिसतो, येऊन बघ, मावशी मागे लागलीय. मी टाळत राहिले. परीक्षा चालू आहेत, तळ्यावर कार्यक्रम आहे, आमची गल्ली बंद आहे... कार्यक्रम होता हे खरं, पण स्कूटर काय, काढता आली असती. शेवटी एकदाची गेले, कपाळाला आठ्या घालूनच.

बिघाड अगदी फालतू निघाला. लॉगिन होत होतं आणि मग काळी स्क्रीन, त्यावर माऊसचा बाण. डेस्कटॉप नाही, आयकॉन नाहीत, खालची टास्कबार नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी — हे सगळं आपल्याला दाखवणारा एक प्रोग्राम असतो, एक्सप्लोरर नावाचा. तोच सुरू झाला नाही की असं होतं. आत सगळं जागच्या जागी असतं, फक्त दिसत नाही. मी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, रन न्यू टास्कमध्ये जाऊन एक्सप्लोरर टाइप केलं, की झालं काम! मावशी आत चहा ठेवायला गेली होती तेवढ्यात दादा-वहिनीच्या फोटोचा वॉलपेपर समोर हजर. एक सेटिंग दुरुस्त करायचं राहिलं होतं, नाहीतर बंद करून चालू केल्यावर पुन्हा काळंच आलं असतं.

मी मोठ्या कौतुकाने दादाला फोन लावला. "झाला बरं का चालू!"

दादा म्हणाला, "सुषमा, राहू दे. इतक्यात नको चालू करू."

"म्हणजे?"

"थोडे दिवस बंदच ठेव. आईला सांग, पार्ट लागतो म्हणून. मी सांगेन तेव्हा कर. आणि कारण विचारू नको, प्लीज."

बोलणं कसं जड, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं. मला वाटलं, गुटखा अजून सुटलेला दिसत नाही. आणि कारण काय विचारायचं? मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. शिमग्याला पालखी दारात येते, मावशी दरवर्षी ये ये म्हणून त्याच्या मागे लागते, याला यायचं नसेल म्हणून तोंड चुकवतोय. म्हटलं, तुम्ही मायलेक बघा काय ते. आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. ते सेटिंग शोधत बसायला नको, मावशीला पुन्हा सगळं दाखवायला नको, घरी लवकर जाता येईल.

मी टास्क मॅनेजरमध्ये एक्सप्लोररवर गेले आणि एन्ड टास्क दाबलं. फोटो गेला, सगळं काळं. वर खात्री म्हणून डोंगलही काढून पर्समध्ये टाकला. मावशी चहा घेऊन आली, तिच्याकडे तोंड करून, ओठ नीट हलवून मी सांगितलं, "मोठा बिघाड आहे मावशी. पार्ट मागवावा लागेल."

"रविवारपातूर येल?"

"बघते."

"बरं. चहा घे. तुला साखर कमी घातलेय."

मी चहा घेतला आणि निघाले.

तो रविवार गेला, पुढचाही गेला. रंजनावहिनींचा फोन येणार म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती, पण फोन आलाच नाही. मग मलाच कसंतरी व्हायला लागलं. एका दुपारी मावशीच्या बीपीच्या गोळ्या द्यायचं निमित्त करून गेले. बघते तर बाई मजेत! वाल सोलत बसलेली.

"पार्ट नाही आला अजून," मी घाईघाईने म्हटलं.

"नाय तर नाय. संतोष बोलला की रविवारी."

"कुणाच्या फोनवरून?"

"फोन कशाला? ह्याच्यावर." तिने कॉम्प्युटरकडे हात केला.

"अगं, हा बंद आहे ना?"

"काळाच हाय. त्यातच दिसतो तो. जरा काळोखात बसल्यावानी. दोनी रविवार बोलला."

मी कॉम्प्युटर चालू केला. काळी स्क्रीन आणि बाण, दुसरं काही नाही. एक्सप्लोरर सुरू करून कॉलचा इतिहास काढला, तर शेवटचा कॉल बिघाडाच्या आधीचा. आणि डोंगल माझ्या पर्समध्ये होता. म्हटलं, बाई ग, वय झालं, एकटी असते, डुलकी लागली असेल, स्वप्न पडलं असेल. मला इतकी लाज वाटली! आपण ही पाळी आणली तिच्यावर.

तेवढ्यात ती वाल बाजूला ठेवून म्हणाली, "तोंड वाकडं झालंय गो त्याचं."

"कुणाचं?"

"संतोषचं. डावी बाजू पार ओघळलेय. डोळा मिटत नाय, निजताना पट्टी लावतो. पानी प्यायला तर गळतंय. म्हनून लाजत व्हता. मी म्हटलं, आयशीला काय लाजायचं रे?"

ती पुढे म्हणाली, "ओठच कळंनात मला त्याचे. पन ऐकू आलं."

"काय?"

"ऐकू आलं गो! कानानी." आणि तिने कानावर हात ठेवून दाखवला. "ल्हान होता तवा हाक मारायचा ना, तसा आवाज."

मी बाहेर आले, घरापासून लांब, नदीच्या बाजूला गेले आणि दादाला फोन लावला. "दादा, तुझ्या तोंडाला काय झालंय?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मावशीने."

अहो, तो रडायला लागला. माझा तो दांडगा दादा, हुंदके देऊन. एका सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूने गळायला लागलं म्हणे, आरशात बघतो तर अर्धा चेहरा पडलेला. चेहऱ्याच्या नसेचा लकवा. डॉक्टर म्हणाले, सुधारेल पण वेळ घेईल. रजा टाकून घरात बसला होता. वहिनीखेरीज कुणाला पत्ता नव्हता, शेजाऱ्यांनाही नाही. "आईला माझे ओठ वाचता येणार नाहीत गं. बघूनच हाय खाईल. म्हटलं, जरा सरळ झालं की मग..."

"डोळ्याला पट्टी लावतोस?"

"झोपताना. सुषमा, हे तिला कसं कळलं?"

"तू रविवारी तिच्याशी बोललास?"

"मी कसा बोलणार? तूच तर बंद केलायस."

तो सहज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण मी तिथेच एका दगडावर बसले आणि मला रडूच आलं. माणूस आजारी पडलाय आणि मी गुटख्यावरून त्याच्या नावाने बोटं मोडत होते. आणि ती म्हातारी काळ्या स्क्रीनसमोर खुर्ची टाकून बसत होती.

दादा शिमग्याला आला. पालखी दारात आली तेव्हा तोंडावर रुमाल धरून उभा होता, मावशीने सगळ्यांदेखत तो रुमाल ओढून काढला आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. मग तो तिच्याशी बोलायला लागला. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, अगदी कपाळाला आठ्या पाडून, आणि वहिनीकडे वळून म्हणाली, "काय म्हनतोय?" दादाने पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा कळलं नाही. त्या गडबडीत मी कॉम्प्युटर दुरुस्त केला, सेटिंगसकट, डोंगलसकट. आणि सगळ्यांसमोर म्हणाले काय, तर "पार्ट आला एकदाचा!" तेव्हासुद्धा खोटंच.

दादा परत गेल्यावर पहिल्याच रविवारी मी मुद्दाम तुडीलला गेले. कॉल आला, चित्र एकदम लख्ख. दादा जपून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. मावशीने मान पुढे करकरून नाक स्क्रीनला टेकवायचं बाकी ठेवलं. तो गोळ्या घेतेस का विचारत होता आणि ही कोंबड्यांचं सांगत होती. दोघंही हसत होते आणि दोघांनाही काही कळत नव्हतं. मला बघवेना.

कॉल संपल्यावर ती म्हणाली, "सुषमे, ह्यो नको. पयला होता तसा काळा कर."

"अगं मावशी, आता तर झालाय नीट—"

"तू केला होतास ना, तसा कर."

"मी? मी काय केलं होतं?"

"मंग कोन? संतोषनंच सांगितलान, पहिल्याच रविवारी. म्हनाला, सुषमाला काय बोलू नको आये, मीच सांगितलंय तिला." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मी बोलले का तुला काय? नाय ना?"

नव्हती बोलली. पार्ट आला नाही म्हणून मी थाप मारत होते तेव्हा तिला माहीत होतं. पार्ट आला म्हणाले तेव्हाही. त्या दुपारी निघताना तिने सोललेले वाल माझ्याच पिशवीत ओतले होते. मी नंतर दादाला खोदून खोदून विचारलं, तो मुलीची शपथ घेऊन सांगतो की त्याने आईला किंवा कुणालाच हे सांगितलेलं नाही. आणि मी तर नाहीच नाही.

मी माऊस हातात घेतला आणि एन्ड टास्क दाबलं. मावशीने खुर्ची जरा पुढे घेतली, पदर सारखा केला आणि मला म्हणाली, "तू भाइर बस गो जरा."

मी ओटीवर बसले. आतून तिचा आवाज येत होता, तिचा नेहमीचा मोठ्ठा आवाज. ती काहीतरी सांगायची, थांबायची, मग "व्हय?" म्हणायची, मग हसायची. मधल्या वेळात मी दाराला कान लावला. काहीही नाही. पण ती थांबायची ते बरोबर समोरचा माणूस बोलेल इतकंच.

आता रविवारी दादाचा खरा कॉल होतो, तो संपला की मावशी काळा करून घेते. तिला मी ते बटण शिकवलंय. काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसत असेल, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. बरं, मान्य. पण ती पट्टी? आणि माझं नाव? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असलं तर ते मला ऐकायचंय की नाही, तेही सांगता येत नाही. मला फक्त एकदा मावशीला "चुकलं माझं" म्हणायचंय. पण ते तिच्यापर्यंत पोचायचं तर तिच्यासमोर बसावं लागतं आणि तिने माझ्या तोंडाकडे बघावं लागतं. ती बघायला लागली की मी दुसरंच काहीतरी बोलते.